रानडुकरासाठी बंदूक शोधायला निघाले तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२३, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून काकांचा फोन आला. काका एरवी फोनवर फार बोलत नाहीत. त्या दिवशी ते एवढेच म्हणाले, "खालचा मळा गेला गं सगळा. कापायला आठ दिवस राहिले होते." मी मुलुंडला राहते, बँकेत नोकरी करते, आणि वडिलांच्या पश्चात आमच्या वाट्याची दीड एकर जमीन काका-काकूच कसतात. त्यामुळे नुकसान झाले की माझ्या वाट्याला फक्त ऐकणे येते, आणि तेच मला जास्त लागते. पुढच्या शनिवारी रजा जोडून मी गावी गेले.

मळ्यात उतरल्यावर जे दिसले ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. भात खाल्ले होते त्याच्या कितीतरी पट लोळवले होते. लोंब्या चिखलात दाबल्या गेल्या होत्या आणि काही दाण्यांना तिथेच मोड आले होते. बांधालगतची सुरणाची ओळ कुणी कुदळीने खणावी तशी उकरलेली होती. वरच्या फणसाच्या बुंध्याला माझ्या गुडघ्याच्या उंचीवर वाळलेल्या चिखलाचा जाड थर होता आणि त्यात काळे, राठ, टोकाशी दुभंगलेले केस रुतून बसले होते. काकांनी त्यातला एक ओढून माझ्या तळहातावर ठेवला. तो ब्रशाच्या केसासारखा ताठ होता. "रात्री येतात, दहा-बारा असतात," काका म्हणाले. "डबे वाजवतो, बॅटरी मारतो, पाच मिनिटे थांबतात आणि परत येतात."

आमच्या वाडीत एका शेजाऱ्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, बंदूक आहे. पण त्यांचे वय चौऱ्याहत्तर आहे, मोतीबिंदूमुळे रात्री दिसत नाही आणि मुले मुंबई-पुण्याला आहेत. तेव्हा परतीच्या गाडीतच मी ठरवले की आता बंदूक आपणच घ्यायची आणि चालवायलाही शिकायची. त्यानंतर तेरा महिने मी ज्या वाटेने गेले ती इथे क्रमाने लिहिते आहे, कारण सुरुवातीला मला विचारायला कुणीही नव्हते आणि जे सांगत होते ते बहुतेक ऐकीव होते.

माझा मामेभाऊ टेक्ससमध्ये असतो आणि तिथल्या एका मित्राच्या रानावर डुकरांची शिकार करतो. त्याला फोन केला. "दादा, मला कमी आवाज करणारी, हलकी, मला पेलेल अशी बंदूक सांग." दादाने उत्साहाने तासभर समजावले. मोठ्या व्यासाच्या हवेच्या रायफली आता तिकडे शिकारीला सर्रास वापरल्या जातात, त्याच्याकडे ०.३५७ इंच व्यासाची बेंजामिन बुलडॉग आहे आणि ती बुलपप घडणीची असल्यामुळे आखूड आहे, असे त्याने सांगितले. बुलपप म्हणजे काय हे मला तेव्हा प्रथम कळले. नेहमीच्या रायफलीत चाप आणि गोळी भरायची जागा नळीच्या मागे असते आणि त्यामागे दस्ता येतो. बुलपपमध्ये चाप पुढे सरकवलेला असतो आणि गोळी भरण्याची यंत्रणा दस्त्यातच, गालाखाली येते. त्यामुळे नळी पूर्ण लांबीची, म्हणजे २८ इंचांची राहूनही अख्खी बंदूक ३६ इंचांत, सुमारे ९१ सेंटिमीटरमध्ये बसते. हवेच्या बंदुकीत हे विशेष महत्त्वाचे असते, कारण दारूच्या स्फोटाप्रमाणे हवा एकदम धक्का देत नाही. ती नळीच्या पूर्ण लांबीत गोळीला ढकलत राहते, म्हणून नळी कापून बंदूक आखूड केली तर जोर थेट कमी होतो.

त्या रात्री मी मापपट्टी घेऊन आमच्या बेडरूममधले लोखंडी कपाट मोजले. खालच्या कप्प्यात तिरकी ठेवली तर ९१ सेंटिमीटरची वस्तू बसत होती, ११० ची बसत नव्हती. साडेचारशे चौरस फुटांच्या घरात कुलपाखाली काय ठेवता येईल, हा प्रश्न मुंबईत राहणाऱ्या माणसाला टाळता येत नाही. बंदूक घरात उघड्यावर ठेवायची नाही, हे मी पहिल्या दिवसापासून पक्के केले होते.

पुढचे दोन महिने मी फक्त वाचत होते आणि दादाला प्रश्न विचारत होते. या प्रकारच्या बंदुकीत आधीच हवा भरून ठेवावी लागते, आणि तो दाब ३,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ३,००० पाउंड असतो. गाडीच्या चाकात साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते, हे लक्षात घेतले की हा आकडा किती मोठा आहे ते समजते. ती भरायला खास हातपंप, पाणबुड्यांच्या टाकीसारखी टाकी किंवा कॉम्प्रेसर लागतो. आणि एकदा भरल्यावर दादाच्या बंदुकीतून सात-आठ, फार तर दहा बार नीट जातात, कारण मोठी गोळी मोठा घोट हवा घेते. या रायफली अगदीच गप्प नसतात, हेही त्याने सांगितले. तो स्वतः चाळीस-पन्नास यार्डांपलीकडे बार टाकत नाही.

मग त्याने एक आकडा सांगितला, ज्याने पुढे माझा सगळा विचार बदलला. टेक्सस राज्याने हवेच्या बंदुकीने हरणासारखे मोठे प्राणी मारायला परवानगी देताना किमान अट घातली आहे. नळी ०.३० इंच किंवा त्याहून मोठी असावी, गोळी १५० ग्रेन, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास वजनाची आणि वेग सेकंदाला ८०० फूट असावा, किंवा मग एकूण जोर २१५ फूट-पाउंड असावा. हे मी ज्यूलमध्ये करून पाहिले तेव्हा २९१ ज्यूल आले. दादाच्या रायफलीचा जोर त्याहून थोडा कमी आहे, त्यामुळे ती त्या अटीत थोडक्यासाठी बसत नाही आणि तो ती हरणासाठी वापरतही नाही. तिथली जंगली डुकरे बाहेरून आलेली, उपद्रवी मानलेली जात आहे. खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने ती मारायला १ सप्टेंबर २०१९ पासून तिथे शिकारीचा परवानाही लागत नाही. म्हणजे दादाचा देश, जमीन, कायदा आणि प्राणीसुद्धा माझ्यापेक्षा वेगळा होता, आणि मी मात्र त्याच्या यादीवरून माझी बंदूक निवडत होते. हे मला जानेवारी उजाडेपर्यंत नीट उमगले नव्हते.

६ जानेवारी २०२४ ला मी फोर्टातल्या बंदुकीच्या एका जुन्या दुकानात गेले. दुकानातले गृहस्थ सत्तरीचे होते आणि त्यांनी माझे सगळे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग काचेखालून दोन वस्तू काढून पुढ्यात ठेवल्या. एक छर्रा होता, मधोमध चिमटलेला, डमरूसारखा, हरभऱ्याच्या डाळीपेक्षाही लहान. दुसरी जुन्या काडतुसातली शिशाची गोळी होती, करंगळीच्या पेराएवढी. "हा साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा," ते म्हणाले, "आणि तुम्ही मागताय ते याच्या जवळपास, नऊ-दहा ग्रॅमचे. पहिल्याला मी तुम्हाला आजच बिल करून देतो. दुसरे मागायचे तर ती एअरगन राहत नाही ताई, कायद्याने ते हत्यार झाले."

आयुध नियम, २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर व्यासाची आणि २० ज्यूलपर्यंत जोराची हवेची बंदूक घ्यायला परवाना लागत नाही. त्यापलीकडच्या बंदुकीला शस्त्रपरवाना हवा. परदेशातून मागवायची तर आयातीची परवानगी आणखी वेगळी. त्या गृहस्थांनी मला तीन गोष्टी बजावल्या आणि त्या मी जशाच्या तशा इथे देते. कुणी आतली स्प्रिंग बदलून जोर वाढवून देतो म्हणाला तर तिथून उठून यायचे. बिलावर व्यास, जोर आणि बंदुकीचा क्रमांक लिहून घ्यायचा. आणि बंदूक घेऊन प्रवास करताना ती पेटीत, रिकामी, बिलाच्या प्रतीसह असली पाहिजे. त्या दिवशी मी काहीच विकत घेतले नाही.

तरीही माझा हट्ट गेला नव्हता. मुंबईत शस्त्रपरवान्याचे काम पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येते. जानेवारी आणि फेब्रुवारीत मिळून मी तीन वेळा संबंधित खिडकीशी चौकशीला गेले. पहिल्यांदा कामाचा दिवस असूनही माहिती देणारे जागेवर नव्हते. दुसऱ्यांदा नमुना ए-१ मधला अर्ज, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, छायाचित्रे, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी आणि राष्ट्रीय नोंदणीचा विशिष्ट क्रमांक अशी सगळी वाट कळली. तिसऱ्यांदा एका हवालदारबाईंनी मला बाजूला बसवून विचारले, "कारण काय लिहिणार?" मी म्हटले, "शेतीचे संरक्षण." त्या म्हणाल्या, "शेती तिकडे आणि अर्ज इकडे, असे कसे चालेल? सातबारा ज्या जिल्ह्यातला, तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे विचारा. आणि त्याआधी वनखात्यात जाऊन या." त्यांचे हे शेवटचे वाक्य मला सगळ्यात आधी कुणी सांगायला हवे होते.

घरी येऊन मी १९५९ चा आयुध कायदा वाचला. त्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. आमच्या वाडीतल्या शेजाऱ्यांकडे ठासणीचीच बंदूक का, याचे उत्तर मला मुंबईत मध्यरात्री मिळाले. वकिली भाषेचा धाक न बाळगता मूळ कायदा एकदा वाचावा, असे मी कुणालाही सांगेन. ज्या प्रश्नासाठी मी दोन महिने लोकांच्या मागे फिरले, त्याचे उत्तर तिथे चार ओळींत आहे.

२ मार्च २०२४ ला मी गावी गेले आणि काकांना घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात गेले. तिथले वनपाल पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. उभ्या पिकाला धोका झाला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारणासह परवानगी देऊ शकतो. त्या परवानगीशिवाय डुक्कर मारले, किंवा मारण्याचा प्रयत्न जरी केला, तरी तो गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शस्त्राचा परवाना जवळ असला म्हणून यातले काहीही माफ होत नाही, कारण ती दोन वेगळी खाती आणि दोन वेगळे कायदे आहेत.

मग मी संकोचाने विचारले, की परवाना न लागणाऱ्या साध्या छर्ऱ्याच्या बंदुकीने निदान घाबरवता येईल का. वनपाल थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, तीन वर्षांपूर्वी वहाळात एक मादी मेलेली सापडली. मागच्या पायाच्या वर चार छर्रे कातडीखाली होते, सगळे पिकलेले. आठ-दहा दिवस ती तशी फिरली असेल. पिल्ले आसपास होती." नराच्या खांद्यावर तर ढालीसारखा जाड थर असतो आणि छर्रा तिथे रुततही नाही, जनावर फक्त पिसाळते आणि अंधारात माणसावर येते, हेही त्यांनी सांगितले. काका खाली बघत बसले होते.

परतीच्या गाडीत मी कागदावर दोन आकडे लिहिले. मोठ्या प्राण्याला एका बारात, हाल न करता मारण्यासाठी एका अमेरिकी राज्याने ठरवलेला किमान जोर २९१ ज्यूल आणि मला परवान्याशिवाय मिळू शकणारा कमाल जोर २० ज्यूल. चौदा पटींहून जास्त फरक. या दोन आकड्यांच्या मधली कुठलीही बंदूक घेतली असती तरी मी जनावराचे हाल केले असते किंवा कायदा मोडला असता. त्या दिवशी शिकारीची बंदूक निवडणे मी थांबवले. याचे मला वाईट वाटले, हे लपवत नाही, कारण चार महिने मी काहीतरी करते आहे असे वाटत होते आणि मळ्यासाठी प्रत्यक्षात काहीच झाले नव्हते.

त्याच कार्यालयात आणखी एक गोष्ट कळली आणि ती ऑक्टोबरमध्ये माहीत असती तर बरे झाले असते. रानडुकराने पिकाचे नुकसान केले तर शासनाकडून भरपाई मिळते, पण खबर तीन दिवसांच्या आत द्यावी लागते, त्यानंतर पंचनामा होतो. काकांचा फोन आला शनिवारी आणि मी पोहोचले पुढच्या शनिवारी, त्या आठ दिवसांत कुणीच अर्ज दिला नव्हता. भाताचे ते नुकसान कागदावर कधी आलेच नाही. मार्चच्या अखेरीस डुकरांनी वाल आणि रताळी उकरली तेव्हा मात्र काकांनी दुसऱ्याच दिवशी सातबारा, आधार, बँक पासबुकाची प्रत आणि मोबाइलवर काढलेले फोटो जोडून अर्ज केला. पाचव्या दिवशी पंचनामा झाला आणि ऑगस्टमध्ये काकांच्या खात्यात ४,२०० रुपये आले. नुकसान त्याहून जास्त होते. फोटो काढताना शेताची ओळख पटेल असे काहीतरी, म्हणजे विहीर, घर किंवा बांधावरचे झाड, चौकटीत येऊ द्यावे. आमच्या पहिल्या सहा फोटोंत नुसती माती दिसत होती आणि पंचनाम्याच्या वेळी ते उपयोगाचे ठरले नाहीत.

बंदूक सोडली तरी नेमबाजी मात्र मी सोडली नाही. दुकानातल्या गृहस्थांनी जानेवारीतच सुचवले होते की काहीही घेण्याआधी एकदा रेंजवर जाऊन शिका. एप्रिलमध्ये दादरच्या एका केंद्रात सहा आठवड्यांच्या नवशिक्यांच्या वर्गात मी नाव घातले. शुल्क ४,५०० रुपये होते, बंदूक आणि छर्रे त्यांचे. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे आणि पनवेलकडच्यांसाठी ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. मला दादर जवळ पडले इतकेच. वर्गात मी वयाने सगळ्यात मोठी होते, बाकी बहुतेक आठवी-नववीतली मुले होती.

पहिले दोन दिवस एकही छर्रा उडवायला दिला नाही. नळी नेहमी निशाण्याच्या दिशेने, बोट चापाबाहेर, आणि बंदूक भरलेलीच आहे असे समजून हाताळायची, एवढेच शेकडो वेळा करून घेतले. तिसऱ्या दिवशी दहा मीटरवरच्या कागदावर पहिला छर्रा गेला. त्या कागदावरचा मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेनाच्या टोकाएवढा. स्पर्धेच्या बंदुकीचा जोर सात-साडेसात ज्यूलच्या आसपास असतो, हे ऐकून मला नवल वाटले. दादाच्या आणि दुकानाच्या भाषेत मी चार महिने जोर जोर करत होते आणि इथे त्याला कुणी विचारतही नव्हते. श्वास अर्धा सोडून थांबायचे, चाप दाबायचा, आणि छर्रा गेल्यावरही दोन क्षण तसेच उभे राहायचे. लहानपणी जत्रेत फुगे फोडताना मी चाप हिसकत असे, ती सवय मोडायला मला चार आठवडे लागले.

जूनच्या १५ तारखेला मी परत फोर्टात गेले आणि ०.१७७ ची देशी बनावटीची, नळी खाली वाकवून भरायची रायफल घेतली. रेंजवरच्या सरावाला आणि गावी पडवीत निशाणा लावायला, एवढ्याच हेतूने. निवडताना तीन बंदुका हाताळल्या. सगळ्यात आखूड होती ती मला आवडली होती, पण ती भरता येईना. या प्रकारात नळी हीच तरफ असते आणि नळी आखूड तर भरायला ताकद जास्त लागते. दुकानातच पंधरा वेळा भरून पाहा, असे मी विशेषतः बायकांना सांगेन, कारण पहिल्या तीन वेळा कुणालाही जमते आणि दहाव्या वेळी मनगट बोलायला लागते. मधली, १०४ सेंटिमीटरची, तीन किलोच्या आतली घेतली. कपाटात ती मावत नव्हती म्हणून सुताराकडून कप्प्याची फळी काढून घेतली आणि आत वेगळी कडी-कुलूप लावून घेतले. त्याचे ९०० रुपये झाले. बंदुकीला १३,८०० रुपये, पाचशे छर्ऱ्यांच्या डबीला ४५० आणि पेटीला १,१०० पडले. आधार कार्डाची प्रत दुकानाने ठेवून घेतली.

हिला हातात घट्ट आवळून धरले की छर्रे भलतीकडे जातात, कारण स्प्रिंग सुटताना बंदूक आधी मागे आणि मग पुढे उसळते. डावा तळहात उघडा ठेवून त्यावर ती नुसती टेकवली की सगळे छर्रे एका जागी बसायला लागतात. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचे नाही. मुंबईच्या इमारतीत, गच्चीवर किंवा गॅलरीत मी एकदाही बंदूक उघडलेली नाही आणि कुणी उघडू नये. भिंतीवरून परतलेला छर्रा डोळा घालवू शकतो. दादर स्थानकात एकदा तपासणी यंत्रापाशी जवानांनी पेटी उघडायला लावली. बिलाची प्रत वरच ठेवलेली होती, ती वाचून त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि जाऊ दिले.

गावी पहिल्यांदा बंदूक नेली तेव्हा वाडीतली मुले लगेच जमली आणि एकाने आंब्यावरच्या बुलबुलाकडे बोट दाखवले. मी त्यांना खाली बसवून सांगितले की पाखरू मारणे हीसुद्धा शिकारच आहे आणि परवाना न लागणारी बंदूक याचा अर्थ पाखरांना मुभा असा होत नाही. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी आपापल्या एअरगन स्वतःहून सरकारजमा कराव्यात अशी मोहीम सुरू झाली, कारण तिथली राने पाखरांवाचून गप्प होत चालली होती. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा बोट दाखवणाऱ्या मुलानेच विचारले, "मग तिथे आता पाखरे आली का?" याचे उत्तर मला देता आले नाही. मग सगळ्यांनी खडूने आखलेल्या वर्तुळावर, मागे मातीचा बांध ठेवून, पाळीपाळीने एकेक छर्रा मारला.

डुकरांचा प्रश्न शेवटी वनपालांनीच सुचवलेल्या उपायाने हाताळला. ऑगस्ट २०२४ मध्ये, भात पोटरीला येण्याआधी, आम्ही सौर झटका मशीन बसवले. यंत्र, बॅटरी, सौर पट्टी, तार, इन्सुलेटर आणि मजुरी धरून २७,५०० रुपये झाले, त्यातले निम्मे मी आणि निम्मे काकांनी घातले. हे यंत्र सेकंदाला साधारण एकदा, अगदी क्षणभराचा झटका मळ्याभोवतीच्या तारेत सोडते. जनावर दचकून मागे जाते, मरत नाही. घरातल्या मीटरवरून थेट वीज तारेत सोडणे ही निराळी आणि भयंकर गोष्ट आहे. त्याने जनावरे आणि माणसे दोन्ही मेलेली आहेत आणि ते बेकायदा आहे. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर, आणि दुसरी तिच्या तितकीच वर ठेवली, कारण डुक्कर नाक खाली ठेवून येते आणि झटका नाकालाच बसायला हवा. पहिल्या पंधरवड्यात मशीन चालू असूनही दोनदा डुकरे आत आली. पावसात गवत वाढून तारेला टेकले होते आणि सगळा झटका जमिनीत जात होता. तेव्हापासून काका दर आठवड्याला तारेखालचे गवत विळ्याने साफ करतात.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली आणि ऐन भात पिकायच्या वेळी शेजाऱ्यांची ठासणीची बंदूक नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली, मे महिन्यातल्या लोकसभेच्या वेळी झाली होती तशीच. मी परवान्याच्या वाटेने गेले असते तर माझीही झाली असती. त्यांच्या मळ्याला आमच्यासारखी तार नव्हती. काकांनी आपली तार वाढवून त्यांचा वरचा तुकडा आत घेतला, त्याचे खांब शेजाऱ्यांनीच पुरले.

२ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, मी मळ्यात उभी होते. कोपऱ्यातला एक वाफा गेला होता, बाकी भात कापून उडव्या रचून झाल्या होत्या. तारेच्या बाहेरच्या चिखलात खुरांचे ठसे होते, बांधापर्यंत आलेले आणि तिथून वळलेले. संध्याकाळी दादाचा दिवाळीचा फोन आला. "शेवटी कुठली घेतलीस?" त्याने विचारले. मी त्याला मशीनचे नाव, तारांची उंची आणि बॅटरीची क्षमता सांगितली, आणि त्याने ती लिहून घेतली. त्याच्या मित्राच्या रानालगत मक्याचे शेत आहे.

आता पाऊस संपला आहे आणि माती सुकत चालली आहे. माती कोरडी झाली की अर्थिंग, म्हणजे यंत्राची जमिनीशी असलेली जोडणी, कमजोर पडते आणि झटका लागत नाही. म्हणून काकू दर तिसऱ्या दिवशी, तुळशीला पाणी घालून झाले की, बादली घेऊन मळ्यात उतरतात आणि अर्थिंगच्या तिन्ही सळयांच्या मुळाशी ओतून येतात.